चवथीपासून बॉल पायथन फुत्कारतेय, परत हातात कशी घेऊ?

कुळागरातला:
फोंड्याजवळ राहतो. दीड वर्षाची बॉल पायथन (परदेशी, लहान जातीचा अजगर) मादी आहे, काजू. चवथीपर्यंत मनगटाला वेढा घालून तासभर बसायची. यंदा पाच दिवसांचा गणपती, वसरीवर पाहुणे, म्हणून तिची पेटी आतल्या खोलीत, गणपतीवर फळं-पानांची माटोळी टांगतो त्या भिंतीला टेकवून ठेवली. रोज रात्री पलीकडे घुमट-शामेळ या वाद्यांच्या ठोक्यावर आरत्या. आता झाकण उघडलं की मान आखडून फुत्कारते. परवा अंगठ्याला चावली. टाचण्या टोचल्यासारखं, थेंबभर रक्त. पण मी हात झटकला आणि ती पेटीच्या कडेवर आपटली. चावल्याचं काही नाही, तिला आपटलं हे मनातून जात नाही. जाड हातमोजे घालून रोज धरू का?

डिचोलीची माई:
मोजे नको रे. मोज्यातून तुला तिचं अंग कळत नाही. सापाला बाहेरून कान नसले तरी जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जाते. पाच रात्री भिंतीला टेकून तिने काय सोसलं असेल!

आधी पेटी जुन्या जागी ने. दोन आठवडे पाणी बदलण्यापुरताच हात आत जाऊ दे. उबेची बाजू ३१-३२ अंश, थर्मोस्टॅट लावूनच. लपायला दोन जागा हव्यात, एक उबेकडे, एक थंड बाजूला. मी तोंड फुटलेली मडकी उलटी ठेवते. ती नेमाने जेवायला लागली की मग हाताळ, तेही जेवल्यावर ४८ तास सोडून.

हात वरून नेऊ नको, वरून झडप घालते ती घार. पुठ्ठ्याच्या नळीने पाठीवर हलकेच टेकव, म्हणजे खाणं आलेलं नाही हे तिला कळतं. मग बाजूने तळहात पोटाखाली सरकव. डोकं धरायचं नाही. हात आधी साबणाने धू; तिच्या ओठांवरच्या खाचांना ऊब कळते, त्यात बोटांना उंदराचा वास असला तर ती चावणारच. पाच मिनिटं पुरे. आणि फुत्कारली म्हणून घाईने ठेवू नको, जरा निवली की ठेव.

माझा नर तीन आठवडे नुसता गोळा होऊन बसायचा. एका दुपारी त्याने वेढ्यातून तोंड काढलं आणि माझ्या करंगळीला जीभ लावली, अगदी सावकाश. मी श्वास धरून बसले होते.

पेडणेकर:
डोळे दुधाळ झालेत का बघा. कात टाकायच्या आधी नीट दिसत नाही, तेव्हा गरीब जनावरही चिडतं. तसं असेल तर कात उतरेपर्यंत थांबा. जखम साबणाने धुवा, दात अडकून राहिलेला नाही ना तेही बघा.

साखळीचा:
आमच्या गोठ्यात धामणीचं पिल्लू आहे. त्याला असं माणसाळवता येईल?

डिचोलीची माई:
नाही. आपल्याकडचे साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. ते गोठ्यातच राहू दे, उंदीर खाईल. आणि कुळागरवाल्या, काजू परदेशी जातीची, तिची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलीस ना? २०२४ च्या नियमांनी ती लागते.

कुळागरातला:
हो माई, केली आहे. डोळे स्वच्छ आहेत. पेटी काल रात्री जुन्या जागी आणली, आईने चुलीमागचं मडकं दिलं. काजू आत शिरलीय, नाकाचं टोक तेवढं दिसतं. जेवली की कळवतो.