तळ्याकाठचं मुलींचं उन्हाळी शिबिर: तुमच्या आठवणी लिहा

आपलं तळ्याकाठचं शिबिर बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. पण तिथल्या दोघी जणी कुठेही भेटल्या की पाच मिनिटांत विषय तिकडेच जातो, म्हणून म्हटलं एकदा सगळ्यांनी मिळून लिहूनच काढू. कुठल्याही बॅचच्या असा, एकच उन्हाळा आलेल्या असा नाहीतर दरवर्षी हट्ट करून येणाऱ्या, ताई म्हणून आलेल्या असाल तर जरूरच लिहा. फक्त 'काय ते सोनेरी दिवस' एवढं लिहून पळू नका, नेमकं काय आठवतं ते सांगा.

मी सुरू करते. मला सगळ्यात आधी आठवतात ते तंबू. जाड सुती कापडाचे, भिजले की उचलवत नसत असे. पाऊस आला की आतून कापडाला हात लावायचा नाही हा पहिला नियम, कारण बोट लागतं तिथून पाणी ठिबकायला लागतं, आणि एक तरी मुलगी हमखास 'खरंच ठिबकतं का बघू' म्हणून बोट लावायचीच. दुसरा नियम, झोपायच्या आधी दोर थोडे सैल करायचे. सुती दोर दवाने ओला झाला की आखडतो आणि खुंटीच उपटून काढतो. हा नियम आम्हाला पटला तो शेजारच्या तंबूमुळे, कारण तो मध्यरात्री आतल्या सगळ्यांच्या अंगावर बसला. आतून किंचाळ्या, बाहेर आम्ही हसून हसून गवतात लोळतोय. ताई आल्या, टॉर्च धरला आणि म्हणाल्या, "करा उभा." बास. एका दोराला हात लावला नाही त्यांनी. घरी असं काही पडलं असतं तर 'तू हो बाजूला, दादा बघेल' झालं असतं. तिथे दादाच नव्हता! खुंटी ठोकायची तर आपणच, चूल पेटवायची तर आपणच, आणि ओझंही आपणच उचलायचं. मला वाटतं या जागेची सगळी गंमत त्यातच होती.

*

मी पाण्यावर लिहिणार! पोहायला उतरताना प्रत्येकीची एक जोडीदारीण ठरलेली असायची आणि ताईंनी शिट्टी मारली की असाल तिथे थांबून जोडीदारणीचा हात धरून वर करायचा, कोणाचा हात एकटा दिसला की सगळ्यांना बाहेर काढायचे. माझी जोडीदारीण भयंकर बडबडी होती, पाण्यातसुद्धा बोलायची, त्यामुळे ती कुठे आहे ते मला कधी शोधावं लागलं नाही.

पण खरी मजा होडीची. वल्ही मारायला शिकवायच्या आधी होडी उलटवायला शिकवली. मुद्दाम. कपड्यांसकट. आम्ही सगळ्या थरथरतोय आणि ताई शांतपणे सांगतायत की होडी उलटली तरी सोडायची नाही, किनारा जवळ वाटतो पण पोहत जायचं नाही, होडीलाच धरून राहायचं, कारण उलटी होडीसुद्धा तरंगते आणि लांबून शोधणाऱ्याला पाण्यावरचं डोकं दिसत नाही पण होडी दिसते. पहिल्यांदा पाण्याखाली गेले तेव्हा वाटलं संपलं सगळं. वर आले तर चारही जणी उलट्या होडीला लटकून खो खो हसत होत्या. नंतर आम्ही रोज विचारायचो, ताई आज उलटवायची का?

*

शिट्टी? आमच्या वेळी घंटा होती. मोठी, गंजलेली, जेवणघराच्या दाराशी. ज्यांना शिट्टी आठवते त्या नंतरच्या बॅचच्या असणार 🙂

*

हे लिहावं की नाही असा विचार करत होते पण लिहितेच, इथे सगळ्या बायकाच आहेत.

माझी पहिली पाळी त्या शिबिरात आली. घरी या विषयावर कोणी काही बोललेलंच नव्हतं, मला खरंच वाटलं मला काहीतरी मोठा आजार झालाय आणि आता मला घरी पाठवणार. सकाळी सगळ्या कवायतीला गेल्या तरी मी तंबूत पांघरूण घेऊन बसलेली. आमच्या गटाची जी लीडर होती, माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी, ती बोलवायला आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता तिच्या बॅगेतून पॅड काढून दिलं. कसं वापरायचं ते सांगितलं, अगदी दोराची गाठ शिकवावी तितक्या सहज. मग म्हणाली, पोट दुखत असेल तर आज लाकडं आणू नकोस, चुलीपाशी बस, आणि कोणी विचारलं तर सांग मी सांगितलंय.

संध्याकाळपर्यंत तंबूतल्या सगळ्यांना कळलं होतं, म्हणजे मीच सांगितलं, आणि मग काय, प्रत्येकीने आपापली गोष्ट सांगितली. एकीला परीक्षेत आली होती, एकीला लग्नघरात. एक जण म्हणाली मला अजून आलीच नाही, मला भीती वाटते. रात्री उशिरापर्यंत हेच चाललं होतं. घरी परतल्यावर आईला सांगितलं तर ती आधी गोरीमोरी झाली, मग म्हणाली, बरं झालं तिथे आली. तेव्हा मला राग आला होता, आता मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं.

*

सगळे इतकं छान छान लिहितायत म्हणून मी जरा वेगळं लिहिते. मला शिबिर अजिबात आवडायचं नाही. पहाटे उठा, गार पाण्याने अंघोळ, त्यात तंबूची तपासणी, चादरीला एक सुरकुती दिसली तरी गटाचे मार्क कापणार आणि मग गटातल्या मुली दिवसभर आपल्याकडे बघणार. पहिल्या रात्री मी रडले, दुसऱ्या रात्रीही. पत्र लिहायचा एक तास असायचा, त्यात मी घरी लिहायचे मला घेऊन जा, आणि ते पत्र घरी पोचेपर्यंत शिबिर संपायला आलेलं असायचं त्यामुळे काही उपयोग नव्हता.

मी परत कधी गेले नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. एकटं राहायला आवडणाऱ्या मुलीसाठी तिथे जागाच नव्हती, सतत घोळका. तुम्हाला मजा आली, मान्य, पण प्रत्येक तंबूत एक तरी माझ्यासारखी होती आणि ती पांघरुणात तोंड खुपसून रडायची, तुम्हाला ऐकू आलं नसेल. हां, एक गोष्ट मात्र देते त्यांना, गाठी पक्क्या शिकवल्या. रीफ नॉट उजवा डाव्यावर आणि मग डावा उजव्यावर, दोन्ही वेळा एकाच बाजूने फिरवलं की ती गाठ घसरते. घरात सामान बांधायचं असलं की अजून मलाच हाक मारतात.

*

वरचं वाचून बरं वाटलं, कोणीतरी हेही लिहायला हवं होतं. मी तिथे काही उन्हाळे ताई म्हणून होते. आम्हाला ऐकू यायचं बरं का. रात्री तंबूंमधून फिरताना कुठून हुंदका येतो ते कळायचं. पण प्रत्येक वेळी आत जायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं, कारण सगळ्यांसमोर ताई जवळ घ्यायला आल्या की त्या मुलीला सकाळी चिडवतात. मग दुसऱ्या दिवशी तिला मुद्दाम काहीतरी काम द्यायचं, पाण्याची पाळी, नाहीतर झेंड्याची दोरी, म्हणजे हात गुंतलेले राहतात. काहींना लागू पडायचं, काहींना नाही. तुम्हाला नाही पडलं.

शेकोटीला मी मुलींना नेहमी एक गोष्ट सांगायचे, ती कोणाला आठवते का बघा. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी स्काउटचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं ते फक्त मुलांचं. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउट मुलांचा मोठा मेळावा भरला तर तिथे काही मुली आपण होऊन येऊन उभ्या राहिल्या, आम्हीही स्काउट आहोत म्हणून. कोणी बोलावलं नव्हतं! त्यातून १९१० मध्ये गर्ल गाइड सुरू झाल्या आणि काम बघितलं बेडन-पॉवेल यांच्या बहिणीने, ॲग्नेसने. तिकडे अमेरिकेत ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये सव्हाना शहरात पहिल्या अठरा मुली जमवल्या. त्याच्याही आधी मेन राज्यात ल्युथर आणि शार्लट ग्युलिक हे नवरा-बायको तळ्याकाठी मुलींचं शिबिर घ्यायचे, त्यातूनच कॅम्प फायर गर्ल्स ही संघटना निघाली. (हे तेच ग्युलिक, ज्यांनी नेस्मिथ यांना हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितलं आणि बास्केटबॉल जन्माला आला.) मुलींना यातला न बोलावता गेलेल्यांचा भाग फार आवडायचा, तो परत परत सांगायला लावायच्या.

शिबिर का बंद पडलं असं मला खूप जणी विचारतात. एकच एक कारण नाही. मुली येणार उन्हाळ्यातले काही आठवडे आणि छपरं, पाण्याचे पाइप, होड्या, राखणदार हा खर्च वर्षभर. पोहण्यासाठी प्रशिक्षित माणसं हवीत, विमा हवा, हे सगळं बरोबरच आहे, पण त्याचे पैसे फीमधून निघेनात आणि फी वाढवली की ज्या मुलींसाठी ते काढलं होतं त्याच येईनात. त्यात सुट्टी म्हणजे क्लास असं झालं. तळ्याकाठच्या जमिनीला भाव येतोच. शेवटच्या उन्हाळ्यात निम्मे तंबू रिकामे होते, आम्ही ते तरीही लावले होते. मुलींनी विचारलं यात कोण राहणार, तर आम्ही सांगितलं पाहुणे येणारेत.

*

ताई!! तुम्हीच का त्या, रात्रीच्या चालण्याला टॉर्च बंद करायला लावणाऱ्या? पहिली काही मिनिटं काहीच दिसायचं नाही आणि सगळ्या एकमेकींच्या बाह्या धरून, मग हळूहळू वाट दिसायला लागायची. तुम्ही सांगायचात डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकीने जरी टॉर्च लावला तरी सगळ्यांचं परत पहिल्यापासून. त्यामुळे टॉर्च लावणारीला जी बोलणी बसायची!

टेकडीवर गेल्यावर सप्तर्षी, त्यातल्या क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेघ पुलहाकडून क्रतूकडे तशीच पुढे पाचपट नेली की ध्रुव. मग वसिष्ठाशेजारची अरुंधती कोणाला दिसते याची स्पर्धा, चष्मेवाल्या मुलींनी चष्मा पुसून पुसून बघायचं. मी न दिसताच 'दिसली दिसली' म्हणायचे. एकदा लांब वीज चमकली तर तुम्ही सेकंद मोजायला लावले, गडगडाट ऐकू येईपर्यंत, आणि त्याला तीनाने भागलं की तितके किलोमीटर. आकडा प्रत्येक विजेला कमी व्हायला लागला तसं आम्हाला झपझप खाली उतरवलंत. पळायचं नाही, चालायचं, पण पटापट. त्यात वाटेत एकीने ती भुताची गोष्ट काढली, विहिरीतून केस मोकळे सोडून येणारी बाई, आणि मग कसलं चालतंय, सगळ्या पळत सुटल्या.

*

शेकोटी विझवायची पद्धत कोणीच लिहिली नाही. पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत पाणी, आणि मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्यायची, ऊब लागली तर अजून विझलेली नाही. आमच्या गटाकडे हे काम होतं म्हणून आम्ही नेहमी सगळ्यांत शेवटी झोपायला जायचो, हातपाय काळे, आणि त्याचा भारी माज होता आम्हाला. घंटा होती हे बरोबर. शिट्टीपण होती, ती फक्त पाण्यावर.

आणि ती बाई विहिरीतून नाही, तळ्यातून येते. विहीर नव्हतीच तिथे.