मदत हवी: मोरचूद तापवल्यावर वजन घटतं, मग मोल का घटत नाहीत?

मी अकरावी सायन्सला आहे. गाव जुन्नरकडचं, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात शिवाजीनगरला होस्टेलवर. मोलची (म्हणजे पदार्थातले कण मोजायच्या एककाची) साधी गणितं येतात. पाण्याच्या एका मोलचं वजन १८ ग्रॅम, म्हणून ३६ ग्रॅम पाणी म्हणजे ३६ ÷ १८ = २ मोल, इथवर काही अडत नाही. अडतं ते मोरचुदापाशी, म्हणजे कॉपर सल्फेटपाशी.

५ ग्रॅम कॉपर सल्फेटचे मोल काढताना कुणी १५९.५ ने भागतं, कुणी २४९.५ ने. बरोबर काय? आणि प्रॅक्टिकलला परीक्षानळीत निळे खडे तापवले, तेव्हा नळीच्या वरच्या थंड भागाला पाण्याचे थेंब जमले आणि खाली पांढरी भुकटी उरली. सर म्हणाले, वजन घटलं तरी मोल तेवढेच. हे कसं? आमच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवरची फवारणी) मोरचुदाचं पोतं कायम असतं, त्यामुळे हे मुळापासून कळावं असं फार वाटतं. नुसतं सूत्र नको, कारण सांगा.

प्रतिसाद १

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या पदार्थांचे. तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजनचे ६४, झाले १५९.५. ही पांढरी भुकटी. निळ्या खड्यात याच्या जोडीला पाण्याचे ५ रेणू असतात, ते स्फटिकजल. त्याचे ९० मिळवले की २४९.५. सूत्रात (CuSO₄·5H₂O) मध्ये टिंब असतं, ते गुणाकाराचं समजू नकोस, तिथे बेरीजच करायची.

आता तुझी परीक्षानळी. ५ ÷ २४९.५ = ०.०२ मोल. सगळं पाणी गेलं तर (शेवटचा रेणू सहजी सुटत नाही, चांगलं तापवावं लागतं) १.८ ग्रॅम कमी होतात आणि ३.२ उरतात. ३.२ ÷ १५९.५ करून बघ, पुन्हा ०.०२ च. तांब्याचा एकही अणू नळीबाहेर गेलेला नाही, मग कॉपर सल्फेटचे मोल घटतील कशाने? गेलं ते पाणी: १.८ ÷ १८ = ०.१ मोल, ०.०२ च्या पाचपट. सूत्रातले ते ५ रेणू असे तराजूवर सापडतात, म्हणून मला हा प्रयोग फार आवडतो.

बाबांच्या १ किलो मोरचुदात जवळजवळ ४ मोल तांबं असतं, तेही ताडून बघ.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

खूप आभार, ताई! ताडून बघितलं, ४.००८ आलं. मग धुण्याच्या सोड्याचंही असंच का?

प्रतिसाद ३

हो. त्यात पाण्याचे १० रेणू. स्फटिक असतील तर २८६ ने भाग, कोरडा असेल तर १०६ ने. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय भागायला घेऊ नकोस.