डेस्कटॉप नसलेल्या लिनक्सवर थेट स्क्रीनवर लिहितोय, चित्र तिरकं का घसरतं?

रबाळे_रात्रपाळी
महापे एमआयडीसीतल्या एका गेटसाठी स्टाफ-बसचा बोर्ड करायचाय. इंटेलचा जुना मिनी पीसी, १३६६ × ७६८ चा पॅनल, डेबियन, डेस्कटॉप टाकलेला नाही. सी मधून /डेव्ह/एफबी० (स्क्रीनची मेमरी फाइलसारखी दाखवणारा फ्रेमबफर) उघडतो, एमएमॅप करतो (ती मेमरी प्रोग्राममध्ये जोडून घेतो) आणि दर पिक्सेलला चार बाइट (लाल, हिरवा, निळा, शून्य) लिहितो. भानगडी अशा: चित्र खाली जाता जाता डावीकडे घसरतं, लाल पट्टी निळी दिसते, मजकुरावर कन्सोलचा कर्सर लुकलुकतो आणि रूट नसेल तर फाइलच उघडत नाही. शिवाय फ्रीटाइपने (फॉन्टमधून अक्षरं काढणारी लायब्ररी) काढलेली ‘तुर्भे’, ‘वर्तकनगर’ ही नावं फुटतात, रफार चढतच नाही.

खाडीपलीकडे
घसरण्याचं कारण ओळीची लांबी. तुम्ही १३६६ × ४ = ५४६४ बाइट धरलेत. इंटेलचा ड्रायव्हर ओळ ६४ च्या पटीत वाढवतो, म्हणजे ५५०४. दर ओळीला ४० बाइट, म्हणजे १० पिक्सेल तुम्ही मागे पडता, आणि शंभराव्या ओळीपर्यंत हजार पिक्सेल. १९२० रुंदीच्या मॉनिटरवर हीच चूक लपते, कारण ७६८० ला ६४ ने पूर्ण भाग जातो. म्हणून टेबलावर चालतं आणि साइटवर फसतं.

रुंदीवरून गणित करूच नका, कर्नलला विचारा. एफबीआयओगेट_व्हीस्क्रीनइन्फो रुंदी, उंची, पिक्सेलचे बिट आणि रंगांच्या जागा सांगतो. एफबीआयओगेट_एफस्क्रीनइन्फो मध्ये लाइन_लेंग्थ मिळते. पत्ता = वाय × लाइन_लेंग्थ + एक्स × (बिट ÷ ८).

रंगाचंही तेच. ३२ बिटांत लालची जागा बहुतेक १६, हिरव्याची ८, निळ्याची ०. लिटल-एंडियन मशिनवर (आकड्याचा खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या, तुमच्या इंटेलसारख्या) मेमरीत आधी निळा येतो, लाल तिसरा. सुटे बाइट लिहू नका. त्या जागा वाचून शिफ्ट करा आणि अख्खा ३२ बिटी आकडा लिहा.

परवानगीसाठी युजरला ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये टाका आणि पुन्हा लॉगिन करा, नाहीतर ग्रुप लागू होत नाही. कर्सर घालवण्यासाठी टीटीवाय (कन्सोलची फाइल) उघडून केडीसेटमोड ने केडी_ग्राफिक्स लावा. मात्र बाहेर पडताना केडी_टेक्स्ट परत लावायलाच हवं, सिगटर्म (बंद हो असा सिग्नल) आला तरी. किल -९ ने मारलात तर ती संधी मिळत नाही. कन्सोल आंधळा होतो, मशीन हँग झालंय असं वाटतं आणि कुणीतरी प्लग उपटतं. एसएसएचने आत शिरून केडी_टेक्स्ट लावणारा चार ओळींचा प्रोग्राम चालवला की काम होतं.

अर्धा_र
रफाराचा दोष स्क्रीनचा नाही. फ्रीटाइप फक्त आकार काढून देतो. ‘तुर्भे’ म्हणजे त, ु, र, ्, भ, े असे सहा कोडपॉइंट. ते एकामागोमाग काढले तर र चा पाय मोडलेलाच दिसणार. रफार भ च्या डोक्यावर नेणं हे हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीचं काम. अख्खा शब्द त्याला द्या, लिपी देवनागरी आणि भाषा मराठी सांगा. तो ग्लिफचे (फॉन्टमधल्या आकारांचे) क्रमांक आणि जागा देतो. क्रमांक एफटी_लोड_ग्लिफ ला द्या, एफटी_लोड_कॅर ला नव्हे. जागा १/६४ पिक्सेलमध्ये येतात, ६४ ने भागा.

भाषा सांगायचं विसरू नका. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेत, तिथे ती न सांगितल्यास ‘घणसोली’त हिंदी वळणाचा ल येतो. बस चुकणार नाही, पण डोळ्यांना खुपतो.

अक्षरांच्या कडा मऊ करताना खालचा रंग एफबी० मधून परत वाचू नका. ती मेमरी लिहायला वेगवान असते, वाचायला फार मंद. साध्या मॅलॉकच्या बफरमध्ये (५५०४ × ७६८ म्हणजे साधारण ४२ लाख बाइट) चित्र पुरं करा आणि एकदम मेमकॉपी करा.

पिच_विचारा
नव्याने लिहिताय तर एफबी० वर कशाला? आजच्या इंटेल ड्रायव्हरवर तो डीआरएमचाच (कर्नलची स्क्रीन सांभाळणारी नवी यंत्रणा) मुखवटा आहे. शिवाय चित्र बदलताना मधे फाटतं, कारण स्क्रीनचं वाचन कुठवर आलंय ते तुमच्या मेमकॉपीला कळत नाही.

/डेव्ह/डीआरआय/कार्ड० उघडा, जोडलेला कनेक्टर शोधा, त्याचा मोड आणि सीआरटीसी (बफर वाचून स्क्रीनला पाठवणारा भाग) घ्या. क्रिएट_डंब ला (साधा बफर मागणारी हाक) रुंदी, उंची आणि ३२ बिट द्या. उत्तरात हँडल, आकार आणि पिच येतो. पिच म्हणजे तीच ओळीची लांबी. मग ॲडएफबी, मॅप_डंब, एमएमॅप, सेटसीआरटीसी. असे दोन बफर करा आणि पेजफ्लिपने आलटून-पालटून दाखवा. आधीचा फ्लिप पुरा झाल्याचा इव्हेंट येण्याआधी दुसरा पाठवला तर ईबिझी (‘अजून कामात आहे’ ही चूक) मिळेल.

उद्या रास्पबेरी पाय ४ वर हलवलात तर कार्ड० ला कनेक्टरच नसेल असं होऊ शकतं. तिथे थ्रीडीचा भाग वेगळं कार्ड म्हणून दिसतो. दोन्ही तपासा.

खाडीपलीकडे
पेजफ्लिपचं मान्य, पण मिनिटाला एकदा बदलणाऱ्या बोर्डाला एफबी० पुरतो. व्हिडिओ दाखवायचा असता तर मीही डीआरएमच म्हटलं असतं.

रबाळे_रात्रपाळी
लाइन_लेंग्थ ५५०४ च निघाली. रंगही बसले, रफारही चढला. आता एकच: पॅनल बंद असताना पीसी सुरू झाला तर नंतर पॅनल लावूनही काही दिसत नाही.

पिच_विचारा
बूटच्या वेळी कर्नलला कनेक्टर तुटलेला दिसतो, म्हणून मोडच लागत नाही. ग्रबमधल्या (बूट करून देणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीत व्हिडिओ= लिहून पुढे कनेक्टरचं नाव, कोलन, १३६६ × ७६८, @६० आणि शेवटी इंग्रजी लहान ई द्या. त्या ई मुळे तो कनेक्टर जोडलेलाच धरला जातो. नेमकं नाव /सिस/क्लास/डीआरएम मध्ये दिसेल, ‘कार्ड०-’ एवढं सोडून पुढचं घ्या. मग अपडेट-ग्रब आणि रीबूट.