घर आणि दुकानासाठी अँटीव्हायरस कुठला घ्यावा? पेनड्राइव्हने जीव नकोसा केलाय

लोकहो, जाणकारांचा सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गिरगावात आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, सत्यनारायणाच्या आमंत्रणापासून सोसायटीच्या एजीएमच्या नोटिशीपर्यंत जे येईल ते करतो. पाच मशीन आहेत. तीनवर विंडोज १०, एक नवं ११ वालं, आणि एक म्हातारबा विंडोज ७ चे, ज्याला हात लावायची कोणाची टाप नाही कारण जुना प्रिंटर फक्त त्याच्यावरच चालतो आणि पुढच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर निघालाच नाही. जुने मराठी फाँट आणि पानं जुळवायचं पेजमेकर सॉफ्टवेअरही त्याच्यातच. "आमच्या ताईच्या लग्नाला केली होतीत तश्शीच करा" म्हणत लोक येतात, ती ताईची पत्रिकाही त्याच्यातच.

आता रडगाणं. गेल्या गुरुवारी एक कॉलेजची मुलगी आली, प्रोजेक्टची प्रिंट आणि स्पायरल, पाच वाजेपर्यंत सबमिशन. पेनड्राइव्ह लावला तर आत काहीच नाही, फक्त एक शॉर्टकट, तोही पेनड्राइव्हच्याच नावाचा. आमच्या पोराने त्याच्यावर डबल क्लिक केलं, तिथेच घात झाला. तिच्या फायली काही दिसेनात, तिच्या मैत्रिणीने मेलवरून अर्धवट कॉपी पाठवली ती छापून घेऊन पोरगी पळाली, घाईत पेनड्राइव्ह इथेच राहिला. तासाभरात पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर तसाच शॉर्टकट. म्हणजे दोन रुपयात झेरॉक्स आणि वर व्हायरस फुकट अशी आमची स्कीम सुरू झालेली.

त्याआधी, तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे ऐन सीझनला, याहून मोठा दणका बसला होता. सकाळी शटर उघडून एक मशीन चालू केलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अक्षरांचं भलतंच शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९० मध्ये सोडतो. सेलच लावलाय जणू. एक पत्रिका मंगळवारी द्यायची होती, तिचा प्रूफचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप केलेला होता, तो मोबाइलवर मोठा करून करून रात्री तीनपर्यंत परत टाइप केली, मामाच्या गावाचं नाव तरी चुकलंच. पैसे दिले नाहीत. चार महिन्यांचं काम गेलं ते गेलं.

लक्षात घ्या, त्या मशीनवर विकतचा अँटीव्हायरस होता, मुदत संपलेली नव्हती. कुठला ते लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत.

घरी वेगळीच तऱ्हा. बाबांच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी पाटी, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, तुमचं सबस्क्रिप्शन संपलं. आमच्याकडे त्या कंपनीचं सबस्क्रिप्शन कधी नव्हतंच! बाबा कार्ड घेऊन पैसे भरायला बसले होते, आईने फोन केला म्हणून वाचलो.

लॅमिंग्टन रोडवरचा ओळखीचा दुकानदार म्हणतो सगळ्यात महागडं पॅक घ्या, टेन्शन नको. भाचा म्हणतो विंडोजचा डिफेंडर बस झाला, पैसे फुकट घालवू नकोस मामा. आमचे सीए म्हणाले कुठलाही घ्या पण बिल जीएसटीचं घ्या. तर नक्की काय करू? पाच मशीनला पाच वेगळे घ्यायचे की एकत्र काही मिळतं? नेटवरचे फुकटवाले चालतील का? आगाऊ धन्यवाद.

बारा_डबा_स्लो

लिनक्स टाका. विंडोजऐवजी ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, विषय संपला.

चौथी_सीट

वर आलेच लिनक्सवाले :) असो.

आधी एक सांगा, ते खंडणीवालं मशीन बिघडायच्या आदल्या दिवशी कोणी कुठल्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी कॉपी, डाउनलोड केला होता का? ९८० आणि ४९० डॉलर, रीडमी फाइल, चार अक्षरी शेपूट, ही सगळी लक्षणं स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या रॅन्समवेअरची, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची आहेत आणि ते मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधूनच (खोटी लायसन्स की बनवणारे प्रोग्राम) येतं.

बाबांचं सोपं आहे. तो व्हायरस नाहीच. कुठल्या तरी साइटने "नोटिफिकेशन पाठवू का" विचारलं आणि त्यांनी अलाउ दाबलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे अलाउ केलेल्यांच्या यादीत अनोळखी नावं दिसतील, सगळी उडवा. दोन मिनिटांचं काम. आणि बाबांना रागावू नका, त्या पाट्या भल्याभल्यांना फसवतात.

धागाकर्ता

बाबांचं झालं!! अकरा साइट निघाल्या यादीत. पाट्या बंद. दंडवत.

क्रॅकबद्दल विचारलंत, पोराला खोदून विचारलं. एका डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला होता. आणि कहर म्हणजे त्याच्याबरोबरच्या सूचनेत पहिलीच ओळ "अँटीव्हायरस बंद करा" अशी होती, तर त्याने इमानेइतबारे बंद केला. पोराला काय बोलणार, विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून क्रॅकची सवय मीच लावलीये.

चौथी_सीट

मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. वॉचमनला आपणच चहाला पाठवलं तर कुठल्या एजन्सीचा वॉचमन ठेवायचा याला काय अर्थ?

त्या लॉक झालेल्या फायली फेकू नका, एका हार्डडिस्कवर काढून ठेवा. त्या व्हायरसला त्या वेळी त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नसेल तर तो एक ठरलेली ऑफलाइन किल्ली वापरतो, अशा काही किल्ल्या नंतर सापडतात आणि एमसिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या फुकट टूलने फायली सुटतात. ऑनलाइन किल्ली लागली असेल तर मात्र रामराम. नो मोअर रॅन्सम ही युरोपोल, डच पोलीस वगैरेंनी २०१६ साली सुरू केलेली साइट आहे, कुलूप कुठल्या जातीचं ते तिथे ओळखून मिळतं. "हमखास सोडवून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आता डिफेंडर. घरी बाबांसाठी तोच पुरे, भाचा बरोबर आहे. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, त्यामुळे विकतचे दोन-दोन कोंबू नका, एकमेकांच्या उरावर बसतात आणि मशीन रांगतं. डिफेंडरमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस म्हणून एक सोय २०१७ पासून आहे, मुळात बंद असते, ती चालू केली की ठरलेल्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहूच देत नाही. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरलाही अडवेल, तेव्हा त्याला एकदा परवानगी द्यावी लागेल, वैतागून सगळंच बंद करू नका.

विंडोज १० चं मात्र बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. डिफेंडरची व्हायरस ओळखायची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे, त्यामुळे वरवर सगळं हिरवं टिकमार्क दिसेल, पण विंडोजमधलीच भोकं बुजवायची वेगळी सोय घेतली नाहीत तर ती तशीच राहतील.

टॅलीबाई

परळला अकाउंट्सचं ऑफिस आहे, नऊ मशीन, म्हणून दुकानापुरतं माझं मत. एकेक बॉक्स आणू नका. छोट्या ऑफिसांसाठी एकाच जागेवरून सगळी मशीन दिसतील असं पॅक मिळतं. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचं सेकराइट आहे, आपल्या मुंबईचंच ईस्कॅन आहे, बिटडिफेंडर आहे. यात तुमच्या कामाची गोष्ट एकच, डिव्हाइस कंट्रोल, म्हणजे कुठल्या मशीनवर पेनड्राइव्ह चालेल आणि कुठल्यावर नाही ते तुम्ही ठरवायचं. दुसरं म्हणजे पासवर्ड लावता येतो, मग पोराने ठरवलं तरी अँटीव्हायरस बंद होत नाही. आमच्याकडे हा पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे आणि सगळे माझ्यावर खार खाऊन असतात.

खरी गोष्ट बॅकअपची. दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, सोम-बुध-शुक्र एक, मंगळ-गुरु-शनि दुसरी. कॉपी झाली की वायर काढायची. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर पहिल्या झटक्यात खातं. एक डिस्क रोज माझ्या पर्समधून लोकलने घरी जाते, डब्याच्या शेजारी.

चौथी_सीट

+१ टॅलीबाई.

कोणी फुकटवाले सुचवायच्या आधी, फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या अवास्टला अमेरिकेत २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले, लोक कुठल्या साइट बघतात ती माहिती विकली म्हणून. कॅस्परस्की या अँटीव्हायरसवर त्याच वर्षी तिकडे विक्रीबंदी आली, कारण मात्र कंपनी रशियाची हे, पकडण्यात कमी पडतो म्हणून नव्हे. तुम्ही काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

न्हावाशेवा_रिटर्न

अँटीव्हायरस असला की झालं म्हणणाऱ्यांसाठी. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला तेव्हा मी क्लिअरिंगच्या कामाला होतो. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेली ब्याद, आणि इकडे न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प. त्याच्या दीड महिना आधी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर येऊन गेला होता, त्याने सगळ्यात जास्त झोडपलं ते विंडोज ७ ला, आणि ते भोक बुजवणारा विंडोजचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, लोकांनी टाकला नव्हता. तेव्हा तुमच्या त्या म्हातारबाची नेटची वायर आधी काढा, वायफाय पण. प्रिंटर चालवायला नेट कशाला लागतं?

धागाकर्ता

हे डोक्यात आलंच नव्हतं. म्हातारबाची वायर काढली. पण मग त्याच्यापर्यंत फाइल न्यायची कशी? परत पेनड्राइव्हच ना?

बारा_डबा_स्लो

म्हणून तर म्हटलं लिनक्स टाका. पाचही मशीनवर नाही हो. घरी एखादा भंगारात काढलेला लॅपटॉप असेल, त्याच्यावर टाका आणि काउंटरवर ठेवा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त त्यालाच लावायचा. विंडोजचे ते शॉर्टकट लिनक्सवर चालत नाहीत, आणि लपवलेल्या फायली सरळ दिसतात. पीडीएफ किंवा फोटो तेवढा उचलायचा, बाकी काही नाही. म्हातारबासाठी दुकानाचा एकच पेनड्राइव्ह ठेवा, लाल रंगाचा, तो बाहेर कुठेच जाणार नाही.

आणि त्या मुलीच्या फायली गेलेल्या नसणार. तो व्हायरस फायली पुसत नाही, नुसत्या लपवतो. लिनक्स नसेल तर साफ केलेल्या विंडोज मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून अ‍ॅट्रिब कमांड द्या, उणे एच, उणे आर, उणे एस, मग स्लॅश एस, स्लॅश डी आणि पेनड्राइव्हचं अक्षर. शॉर्टकटला हात लावायचा नाही.

धागाकर्ता

चार दिवसांनी लिहितोय. भाच्याचा जुना लॅपटॉप काउंटरवर आणला, त्यानेच रविवारी येऊन लिनक्स टाकलं, चहा आणि दोन वडापाव एवढ्यात. बाकी मशीनसाठी डिव्हाइस कंट्रोलवालं पॅक घेतलं, पासवर्ड बायकोकडे ठेवलाय, मलाही सांगत नाही. क्रॅक सगळे काढले, एका मशीनवर आता इंकस्केप या फुकटच्या डिझाइन सॉफ्टवेअरवर काम चालू केलंय, पोरगा कुरकुरतोय पण शिकतोय.

त्या मुलीचा पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्येच होता. लॅपटॉपला लावला तर नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये सगळं जसंच्या तसं. प्रोजेक्टच्या मूळ प्रतीवर तिचा नंबर लिहून ठेवला होता, फोन केला, तर म्हणाली काका माझी अर्धवट कॉपी बघून सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीये, रंगीत प्रिंट किती रुपयाला?

एक शेवटचं विचारायचं राहिलं. विंडोज १० वाली तीन मशीन २०१६ च्या आधीची आहेत, ११ घेत नाहीत असं दिसतंय. ती बदलायची की त्यांचंही लिनक्स करायचं? श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायलींचं काय करता तुम्ही लोक?