भिंतीवरच्या फोटोंनी मुलांच्या डोक्यातला शास्त्रज्ञ बदलतो का?

काळी_माती
काल पालकांमध्ये एक पोस्ट फिरत होती. सारांश असा: "विज्ञान दिनाला कमला सोहोनी, अ‍ॅना मणी, जानकी अम्मल या महिला शास्त्रज्ञांचे फोटो लावून काय साधतं? शास्त्रज्ञाला ना लिंग, ना जात, ना गाव. मुलांना विज्ञान शिकवा, माणसं दाखवू नका."

शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं. माणसं मुलं बघतातच. आपण दाखवली नाहीत तर कार्टूनमधला पांढऱ्या कोटातला, विस्कटलेल्या केसांचा म्हातारा बघतात. चेंबर्स नावाच्या संशोधकाने १९६६ ते १९७७ मध्ये ४८०७ मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेतलं. बाई निघाली फक्त २८ चित्रांत, आणि ती सगळी चित्रं मुलींची. २०१८ मध्ये अमेरिकेतले असे ७८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा १९८५ नंतरच्या चित्रांत बायका सरासरी २८ टक्क्यांवर आल्या होत्या. म्हणजे प्रतिमा हलते. त्याच तपासणीत पाच-सहा वर्षांची मुलं पुरुष आणि बाई जवळपास सारखेच काढतात आणि पुढे पुरुष वाढत जातो, असंही दिसलं. तेव्हा हे काम दुसरी-तिसरीपासूनचं आहे. दहावीच्या निरोप समारंभात 'महिला शास्त्रज्ञांचे योगदान' वाचून दाखवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

प्रयोगवही
पोस्ट माझी नाही, पण मला पटली. आकडे अमेरिकेचे, शाळा नागपूरची. आणि ही चाचणीच कच्ची. टपालवाला काढा म्हटलं तर मूल खाकी कपडे काढणारच, ओळखू यावा म्हणून. त्यावरून त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

खरा प्रश्न प्रयोगशाळेच्या कुलपाचा आहे. आठवी-नववीचे प्रयोग फळ्यावर होतात, निरीक्षणं बाईच सांगतात आणि प्रयोगवही मार्चमध्ये एका रात्रीत भरली जाते. ब्युरेटच्या (द्रव मोजून सोडायच्या काचनळीच्या) तोट्या न वापरता चिकटून बसल्यात. प्रदर्शनातले थर्मोकोलचे ज्वालामुखी कोण बनवतं, सगळ्यांना ठाऊक आहे. फ्लेक्सचे पैसे परीक्षानळ्यांना द्या. मुलीने स्वतःच्या हाताने टायट्रेशन केलं की कुणाचा फोटो लागत नाही.

संत्रा_बर्फी
काहून बाप्पा, कुलूप फोटोनं लावलं का? दोन्ही करा ना. कुठल्याही विषयावर तुमची गाडी ब्युरेटवरच येऊन थांबून राहिली.

मोजपट्टी
चाचणी कच्ची नाही, घेणारे कच्चे असतात. कोरा ए-फोर कागद, वीस मिनिटं, आणि सूचना एवढीच: "काम करत असलेल्या शास्त्रज्ञाचं चित्र काढा." फळ्यावर काही लिहायचं नाही, भिंतीवरचे फोटो आधी उतरवायचे. खाली मुलांनी लिहायचं: ही व्यक्ती कोण, कुठे आहे, काय करते आहे. हे लिहून घेतलं नाही की मोजणारा प्रत्येक आखूड केसांच्या आकृतीला पुरुष ठरवून मोकळा होतो. मग लगेच दुसरा कागद: "आता वेगळा शास्त्रज्ञ काढा." पहिल्या चित्रात सर्वांना ओळखू येणारा कोट-चष्मा येतो, दुसऱ्यात मुलाला आणखी काय ठाऊक आहे ते येतं. प्रयोगवहींच्या टपालवाल्याचं उत्तर तिथे आहे. चेंबर्सच्या सात खुणा मात्र (कोट, चष्मा, दाढी-मिशा, उपकरणं, पुस्तकं, तंत्रज्ञान, 'युरेका'छाप वाक्यं) पूर्वग्रहाच्या बेरजेत टाकू नका. उपकरण काढणं हा काही पूर्वग्रह नव्हे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाहुणी शास्त्रज्ञ येऊन गेली की त्याच दुपारी पुन्हा चित्र काढून घेणं. मुलं तिलाच काढतात, साडीच्या काठासकट, आणि अहवालात 'शंभर टक्के बदल' छापून येतो. सहा-आठ आठवडे थांबा, मग बघा.

प्रयोगवही
आता थोडं माझ्या बाजूचं. बेट्झ आणि सेकाक्वाप्तेवा यांचा २०१२ चा अभ्यास काढा. विज्ञान-गणितात यशस्वी आणि शिवाय नटलेली, गुलाबी कपड्यांतली आदर्श स्त्री शाळकरी मुलींपुढे ठेवली, तर त्यांचा गणितातला रस उलट घटला. ज्यांना या विषयांची आधीच गोडी नव्हती, त्यांना ते दुहेरी यश आणखी अशक्य वाटलं. आणि तुमचे फ्लेक्स कुणाचे? अंतराळवीर आणि पद्म पुरस्कारवाल्या. पोरगी म्हणते, "त्या वेगळ्याच होत्या," आणि पूर्वग्रह जागचा हलत नाही.

काळी_माती
म्हणूनच माणसं नीट निवडायची, बंद नाही करायची. सोहोनींचंच घ्या. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभर परीक्षेवर ठेवून घेतलं. पुढे केंब्रिजची पीएचडी, परतल्यावर नीरेवर काम. आपण २८ फेब्रुवारीला रामन यांच्यावर भाषण ठेवतो आणि मागे सोहोनींचा फोटो लावतो, पण मधली गोष्ट गाळतो. ती सांगा की! मुलं कान टवकारतात.

बांधीवाला
सगळी नावं विद्यापीठातली. आपल्या विदर्भातले दादाजी खोब्रागडे कुणाच्या फ्लेक्सवर नाहीत. नांदेड गाव, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. शिक्षण तिसरी. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानाच्या बांधीत (शेतात) वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या राखल्या, वेगळ्या लावल्या, वाढवत नेल्या आणि एचएमटी धान उभा राहिला. तुमच्या घरी शिजतो तो. धान उत्पादकाच्या पोराला याहून जवळचा शास्त्रज्ञ कुठला?

प्रयोगवही
आदर आहे, पण ते शास्त्रज्ञ नव्हेत, चाणाक्ष शेतकरी. शेजारी तुलनेची जात, तीन-चार पुनरावृत्त्या, चिठ्ठ्या टाकून ठरवलेले वाफे, दोन-तीन हंगाम, वेगवेगळी ठिकाणं, हे केल्याशिवाय जात 'सिद्ध' होत नाही. सगळ्यांनाच शास्त्रज्ञ म्हणायचं तर शब्दाला अर्थ काय उरला?

बांधीवाला
तुम्ही सांगता ती चाचणी. पैदास त्याआधी होते. धान स्वपरागित, म्हणजे फुलाला स्वतःचेच परागकण लागतात, परपरागण जेमतेम टक्काभर, म्हणून निवडलेली लोंबी पुढच्या हंगामात बहुतांशी तशीच उतरते. एका लोंबीची एक ओळ, वेगळी दिसलेली रोपं फुलोऱ्याआधी उपटायची, कापणी आणि मळणी वेगळी, नाहीतर खळ्यावरच भेसळ. निवड पद्धत म्हणून कृषीच्या अभ्यासक्रमात हेच शिकवतात. पुढे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) ती शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी नावाने आणली. तेव्हा ते विज्ञान झालं, आणि बांधीत होतं तोवर चाणाक्षपणा? कोट घातला की शास्त्रज्ञ, बंडी घातली की शेतकरी. तिसरीतली पोरं कागदावर हेच काढतात आणि तुम्ही इथे हेच लिहून राहिले.

प्रयोगवही
मला पूर्वग्रहदूषित ठरवून वाद जिंकायचा असेल तर जिंका. शुद्धीकरण म्हणजे नुसतं लेबल नव्हे, बियाणं दरवर्षी एकसारखं निघण्याची हमी आहे. कपाशीत तुमची 'लोंबी राखा' पद्धत करून दाखवा. मधमाश्या परागीकरण करून जातात, फुलं झाकल्याशिवाय ओळ शुद्ध राहत नाही. निसर्गाने धानात सोपं करून ठेवलं आहे.

बांधीवाला
सोपं होतं तर बाकीच्यांना त्या लोंब्या का दिसल्या नाहीत?

संत्रा_बर्फी
घ्या, धागा पोट्ट्यांच्या चित्राचा, अन् पोहोचला कपाशीच्या फुलात. दोघेही एकाच वर्गात या अन् हेच भांडा. पोट्टे विज्ञान तिथंच शिकतील.

मोजपट्टी
हसण्यावारी नेऊ नका, ते खरंच चालेल. 'हे विज्ञान आहे का' यावर सातवीची मुलं तासभर भांडू शकतात.

काळी_माती
मुद्द्यावर येते. शहरात माती सर्वेक्षण, कापूस, लिंबूवर्गीय फळं, पर्यावरण, भूविज्ञान, सगळ्या संस्था आहेत. संचालकांना बोलावू नका, ते कारकीर्द सांगतात. रोज शेतात जाणारी तिशीतली संशोधक किंवा तंत्रसहायक बोलवा. एका वेळी तीसच मुलं, सभागृहात तीनशे नकोत. बोलणं दहा मिनिटं, मग साधन मुलांच्या हातात. मातीवाली आली तर ऑगर (माती काढायचं गिरमिट), मातीचा रंग जुळवायची रंगपट्टी आणि तीन ठिकाणची माती. ओली माती अंगठा-तर्जनीत दाबून पट्टी काढायची: पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता गेली तर चिकणमाती, अडीचच्या आत तुटली तर वाळू किंवा गाळ जास्त. मुलं पाणी फार ओततात, मग काळ्या मातीचाही चिखल होतो आणि पट्टी येत नाही. थेंबाथेंबाने घालायला लावा. शेवटी एकच प्रश्न ठरवून विचारा: "तुमचं कुठलं काम फसलं?" वर्षातून अशा चार व्यक्ती, चारही वेगळ्या घडणीच्या. एकच आली तर ती अपवाद ठरते, हे प्रयोगवहींचं बरोबर आहे.

प्रयोगवही
शेवटी फोटोऐवजी साधनावरच आलात, म्हणजे मी म्हणत होतो तेच, फक्त बाईंच्या हातून. चालेल. पण मातीची पट्टी प्रयोगशाळेत करायची, व्हरांड्यात नाही. त्यासाठी कुलूप उघडायचा अर्ज तुम्ही लिहा, सही मी करतो.

बांधीवाला
चारातला एक शेतकरी. नाहीतर मी सही करत नाही.

प्रयोगवही
आणा. तुलनेची जातही घेऊन या म्हणावं.