सल्ला हवा : बंद पडलेलं शिपयार्ड, शूटिंगसाठी, पुण्याहून जाऊन येण्यासारखं

ढगाळ_दुपार
नमस्कार मंडळी. अठरा मिनिटांची शॉर्टफिल्म करतेय. गोष्ट एका वेल्डरची. तीस वर्षं जहाजं बांधली, शिपयार्ड बंद पडलं, आता पुण्यात लेकाकडे असतो आणि एक दिवस कोणाला न सांगता तिकडे जाऊन येतो. हा शेवटचा सीन खऱ्या बंद शिपयार्डात हवाय. गंजलेली क्रेन, स्लिपवे (जहाज पाण्यात सोडायचा उतार), नशीब असेल तर अर्धवट राहिलेलं जहाज. माणसं नऊ, दिवस दोन, प्रवास-जेवण-लोकेशन सगळं मिळून ६० हजार. दिवाळीनंतर करायचंय. कोणी केलंय का?

कोथरूडकर_काका
पुण्याला समुद्र नाही, हे लक्षात आलं असेलच. आधी शब्द नीट वापरू. गोदी म्हणजे डॉक, शिपयार्ड म्हणजे जहाजबांधणीचा कारखाना. आपल्याकडे परंपरा काय कमी आहे? विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत मराठ्यांची खडकात कोरलेली गोदी आहे, तिथे करा. मुंबईत सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. मी पाहून आलोय.

ढगाळ_दुपार
काका, वेल्डर आहे हो तो. सागवान कसं वेल्ड करणार?

मेडवेकाठी
आम्ही इंग्लंडात राहतो, तिथून चॅथमची जुनी नौदल गोदी अर्ध्या तासावर. १९८४ साली बंद झाली, आता एक ट्रस्ट चालवतो आणि सिनेमावाल्यांना रीतसर भाड्याने देतो. दोर वळायची शेडच पाव मैल लांब! बेलफास्टला तर जहाजांचे भाग रंगवायच्या हॉलचाच स्टुडिओ झाला, 'गेम ऑफ थ्रोन्स'चा बराच भाग तिथे शूट झाला. आपल्याकडे अशी दृष्टीच नाही. मेल करून बघा, विद्यार्थ्यांना सवलत देत असतील.

निनाद७
ताई, ६० हजारात नऊ जणांचा व्हिसा पण होणार नाही, दुर्लक्ष करा. भोसरीत बंद फॅब्रिकेशन शेड बघा. गॅन्ट्री क्रेन असते, जमिनीवर ग्राइंडिंगचे डाग, गंज फुकट. आम्ही दिवसाला ८ हजार दिले होते. जहाज मागाहून कॉम्प्युटरवर टाका. माझा तीन मिनिटांचा सायफाय असाच झाला, दोन फेस्टिव्हलला गेला.

साउंडवाली
तुमच्या त्या सायफायचा साउंड मीच साफ केलाय निनाद, आठवतंय ना? पत्र्याच्या शेडमध्ये प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो आणि शेजारच्या युनिटचा प्रेस दर चार सेकंदांनी आदळतो. तिथे संवाद ठेवायचे असतील तर रविवार पकडा आणि जाड गोधड्या न्या.

निनाद७
प्रेस नव्हता, कॉम्प्रेसर होता.

स्पॉटदादा
आता माझं ऐका. कोकणात एका खाडीवर बंद यार्ड आहे, नाव घेत नाही. चार वर्षांपूर्वी एका म्युझिक व्हिडिओसाठी गेलो. गेटवरच्या वॉचमनला दोन हजार दिले, चहा पाजला, तो म्हणाला खुशाल करा. पहिला दिवस सोन्यासारखा गेला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जीपमधून सिक्युरिटीवाले आले, कॅमेरा ठेवायला लावला, परवानगीचं पत्र मागितलं. पत्र कुठलं? वॉचमन तोपर्यंत गायब. अर्धं गाणं शूट झालेलं, जनरेटरचं भाडं चालू, हिरोईन गाडीत रडतेय.

चूक आमचीच होती. यार्ड बंद म्हणजे बेवारस नाही. कंपनी दिवाळखोरीत गेलेली असेल तर जुन्या मालकाच्या 'हो'ला काडीची किंमत नसते, ताबा लिक्विडेटरकडे, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेल्या माणसाकडे असतो. किनाऱ्याची जागा बऱ्याचदा महाराष्ट्र सागरी मंडळाची असते, तिथलं पत्र वेगळं. त्यावर पोलीस ठाणं. म्हणून आधी जाऊन गेटवरचा बोर्ड वाचा, ताबा कोणाकडे ते बहुतेक त्यावरच लिहिलेलं असतं. ड्रोन छोटा असला तरी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-साइटच्या नकाशात रेड झोन (परवानगीशिवाय ड्रोनबंदी) बघितल्याशिवाय उडवू नका. आणि आत गेलातच तर जाड तळाचे बूट घाला. गंजलेली प्लेट वरून धड दिसते, पाय ठेवला की पापड.

दर्यावर्दी
कॅमेरेवाल्यांना एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे पाणी. सकाळी दहाला स्लिपवेवर पाणी, दुपारी चारला चिखल. कंटिन्युइटी बोंबलली. आमच्याकडे हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पाणी फार हलायला नको असेल तर अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी पकडा. पाणी वर चढलेलं हवं असेल तर पुनव-अवसेचं उधाण.

कोथरूडकर_काका
पाऊणपट हा ढोबळ नियम झाला. छापील तक्ते मिळतात.

दर्यावर्दी
छापील तक्ते वाचून तुम्ही किती वेळा जाळं टाकलंय?

वाचनमात्र
सगळी उत्तरं वाचली नाहीत, पण भोसरीला बंद शेड मिळतात, तिथे करून जहाज व्हीएफएक्सने टाकता येईल.

सिंहगडरोडवाला
पुण्यात बंदरं नाहीत असं कोण म्हणालं? खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात आहेत की! १९१६ पासूनची संस्था. मोठमोठ्या शेडमध्ये बंदरांची मॉडेल्स बांधतात, त्यात भरती-ओहोटीसुद्धा आणतात. फक्त गुडघ्याएवढी. सरकारी जागा, शूटिंगला देतील असं नाही, पण तुमच्या म्हाताऱ्याला तिथे उभं केलं तर काय दिसेल!

साउंडवाली
अगं, ही आयडिया जबरदस्त आहे.

मेडवेकाठी
चॅथमला मेल केलंत का?

ढगाळ_दुपार
सगळ्यांचे आभार. गेल्या शनिवारी ताम्हिणीतून खाली उतरून एक यार्ड बघून आले. स्पॉटदादा, तुमचं ऐकून बोर्ड वाचला. लिक्विडेटरचं नाव आणि फोन होता. फोन केला. आत जायला विमा आणि डिपॉझिट, दोन्ही मिळून माझ्या बजेटच्या तिप्पट.

मग गेटसमोरच्या टपरीवर तासभर बसले. क्रेनचा शेंडा भिंतीवरून दिसतो, बाकी काहीच नाही. टपरीवाल्या काकू म्हणाल्या, जुने कामगार येतात अधूनमधून, चहा पितात, आत कोणी जात नाही, जाऊ पण देत नाहीत. तर माझा वेल्डर पण आत जाणार नाही. सीन गेटवर संपेल. स्लिपवे, जहाज, भोसरी, व्हीएफएक्स, सगळं काढलं. रस्ता ग्रामपंचायतीचा आहे, सरपंचांशी बोलणं झालंय, पोलीस ठाण्यात अर्ज देतेय. एक दिवसात होईल.

निनाद७
म्हणजे शिपयार्डच्या फिल्ममध्ये शिपयार्डच नाही? प्रॉडक्शन व्हॅल्यू शून्य. तुमची मर्जी.

स्पॉटदादा
बोर्ड फ्रेममध्ये घेऊ नका, त्यावर लोकांची नावं-नंबर असतात. आणि टपरीचं दिवसाचं नुकसान भरून द्या, काकूंना आधी सांगून ठेवा.

दर्यावर्दी
गेटवर करायचं तरी तिथी बघाच. ओहोटीला चिखलाचा असा वास सुटतो की तुमचा नट नाक धरून संवाद म्हणेल.

ढगाळ_दुपार
त्याला संवाद नाहीये. पण बघते.

वाचनमात्र
निनाद७, भोसरीच्या त्या शेडवाल्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? भाच्याच्या प्री-वेडिंगसाठी हवाय.