चलन मार्चचं, कापले नोव्हेंबरच्या पगारातून

निखिल (बी-402), रात्री 9:04
नमस्कार. आज पगाराची स्लिप आली. त्यात 'वाहन दंड वसुली' 2000, वर 'हाताळणी शुल्क' 500 आणि त्यावर जीएसटी 90. एचआरला फोन केला तर म्हणे एक्स्प्रेसवेवर ओव्हरस्पीडिंगचं चलन आहे, मार्चमधलं! आणि मला कळतंय नोव्हेंबर संपताना. मार्चमध्ये कंपनीची गाडी घेऊन मी घाट एकदाच उतरलो होतो. कशासाठी, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. कुणाला असला अनुभव आहे का?

पाटील (ए-204)
एकदाच गेलास आणि एकदाच सापडलास. शंभर टक्के निकाल 😄

साठे काका (ए-101)
निखिल, एक पैसा भरू नकोस. केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ, ऑगस्ट 2021. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवलीच पाहिजे. नाही पाठवली, चलन बाद.

निखिल (बी-402)
काका, भरू नको काय, कापून झालेत.

देशमुख, सेक्रेटरी
सर्वांना नम्र विनंती. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. वैयक्तिक विषय 'कट्टा' ग्रुपवर घ्यावेत. उद्या 10 ते 1 टाकी सफाई, पाणी भरून ठेवणे.

निखिल (बी-402)
देशमुख साहेब, परवा आपल्या भाच्याचा बायोडेटा याच ग्रुपवर आला होता. फोटोसकट.

पाटील (ए-204)
तो सोसायटीच्या कामाचाच होता. मुलगा आमच्या विंगमध्ये खपवायचा होता 🤣

कुलकर्णी काका (बी-301)
निखिल, 'कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे' म्हणजे काय? सरळ नाव घे. आमची टॅक्सी ऐनवेळी रद्द झाली म्हटल्यावर तूच आपणहून म्हणालास, काका मी विमानतळावर सोडतो. आम्ही गाडी मागायला आलो नव्हतो.

कुलकर्णी काकू (बी-301)
टोल आम्हीच दिला होता. आणि वाशीला नाश्ता.

निखिल (बी-402)
काकू, तुमच्याबद्दल काहीच नाही. पण खंडाळ्याच्या बोगद्यापासून काका शेजारी बसून 'काउंटर बंद होईल, काउंटर बंद होईल' करत होते, एवढंच म्हणतोय.

कुलकर्णी काका (बी-301)
काउंटर खरंच बंद होणार होता.

पाटील (ए-204)
शिंदे मॅडम, शेजारी बसून घाई करण्याला काही कलम आहे का हो?

ॲड. शिंदे (ए-503)
मोटार वाहन कायद्याचं कलम 183. भरधाव चालवणारा जसा त्यात आहे तसा चालवायला लावणाराही आहे. पण तो म्हणजे चालकाला नोकरीवर ठेवणारा, किंवा चालक ज्याच्या हुकमाखाली आहे तो. शेजारी त्यात बसत नाही.

पाटील (ए-204)
मॅडम, बी विंगमध्ये काकांच्या हुकमाखाली कोण नाही?

कुलकर्णी काका (बी-301)
पाटील, आधी दोन तिमाहींचा मेंटेनन्स भरा, मग विनोद करा.

जोशी काकू (बी-104)
(फॉरवर्ड केलेला) तुमच्या वाहनाचे चलन प्रलंबित आहे. तपशिलासाठी खालील एपीके फाइल डाउनलोड करा.
निखिल बेटा, हे बघ, यात कळेल.

ॲड. शिंदे (ए-503)
काकू!!! ती फाइल आधी डिलीट करा. कुणीही उघडू नका. ती उघडली की फोनमधले ओटीपी चोराच्या हातात जातात. चलनासाठी कधीही एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येत नाही. बघायचं तर महाट्रॅफिक ॲप, नाहीतर ई-चलनाची सरकारी साइट, जिच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं ती.

जोशी काकू (बी-104)
अगं मी उघडलीच नाही. मला उघडता येतच नव्हती.

साठे काका (ए-101)
पुन्हा सांगतो. नियम 167अ. 15 दिवस. आठ महिन्यांनी आलेली नोटीस ग्राह्य धरता येत नाही.

ॲड. शिंदे (ए-503)
साठे काका, नियम बरोबर आहे, पण नोटीस कुणाला? गाडीच्या मालकाला. निखिलच्या गाडीचं आरसी बुक लीज कंपनीच्या, म्हणजे त्याच्या ऑफिसला गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या नावावर. आरटीओकडे नोंदवलेला मोबाइल नंबरही त्यांचाच. म्हणजे मेसेज मार्चमध्येच त्यांच्या कुठल्या तरी फोनवर जाऊन पडला असणार. तिथून तो निखिलच्या कंपनीच्या ॲडमिनला, तिथून एचआरला, तिथून पगाराच्या टेबलावर. उशीर झाला तो या फेरीत. शिवाय 15 दिवस उलटले की चलन आपोआप रद्द, असं त्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

साठे काका (ए-101)
मग नियम करतात कशाला?

मंदार, रेडिंग (सी-602 मालक)
इकडे इंग्लंडमध्ये माझं डिट्टो झालं. इथे 14 दिवसांत नोटीस 'रजिस्टर्ड कीपर'ला, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली त्याला, पोचावी लागते. मलाही वाटलं सुटलो, कारण मला कागद आला दोन महिन्यांनी. पण लीज कंपनीला वेळेत मिळाला होता, तेवढं त्यांना पुरतं. मग लीजवाले माझ्या कंपनीचं नाव कळवतात, कंपनी माझं, आणि प्रत्येक टप्प्याला 28 दिवस. चालकाचं नाव कळवलं नाही तर 1000 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर 6 पॉइंट. मी मुकाट दंडाऐवजी वेगाबद्दलच्या कोर्सला बसलो.

देशमुख, सेक्रेटरी
मंदार, ग्रुपवर आलातच तर सी-602 चे नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नसल्याचे) चार्जेस तीन तिमाही बाकी आहेत.

मंदार, रेडिंग (सी-602 मालक)
ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत. बिल दुरुस्त करून पाठवा, त्याच मिनिटाला भरतो. मागच्या वर्षीपासून हेच सांगतोय.

भोसले (सी-203)
चार्जेसचं नंतर. एक मिनिट. निखिलचं आरसी लीज कंपनीच्या नावावर? माझ्या ऑफिसच्या गाडीला पार्किंग स्टिकर नाकारला तेव्हा कारण काय दिलं होतं? 'आरसीवर सभासदाचं नाव नाही.' मग निखिलला स्टिकर कसा?

देशमुख, सेक्रेटरी
तो आधीच्या कमिटीने दिला होता.

भोसले (सी-203)
आधीच्या कमिटीत सेक्रेटरी कोण होतं?

पाटील (ए-204)
🍿

निखिल (बी-402)
स्टिकरचं नंतर भांडू. मी आत्ता साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे चार आकडे टाकून बघितलं. चलन आहे. मर्यादा 60, वेग 81, बोरघाट उतरताना. फोटोही आहे. आणि मुख्य गोष्ट: चलन 'अनपेड' दिसतंय! माझ्याकडून 2590 घेतले आणि दंड भरलेलाच नाही.

साठे काका (ए-101)
बघ! म्हणजे भरायची गरजच नाही. 167अ.

ॲड. शिंदे (ए-503)
काका, थांबा जरा. निखिल, आता पेनाने लिहून घे. कंपनीकडे ईमेलने तीन गोष्टी माग. लीजवाल्यांना मेसेज आला ती तारीख, दंड भरल्याची पावती आणि हे 500 कुठल्या करारातल्या कुठल्या अटीखाली लावले. पावती नसेल तर कापलेले पैसे परत माग, दंड तू स्वतः भर. वेग खरंच चुकीचा वाटत असेल तर ॲपवर तक्रार टाकायची सोय आहे.

पाटील (ए-204)
नाहीतर लोकअदालतीची वाट बघ. माझी तिथेच मिटली.

ॲड. शिंदे (ए-503)
मिटतात, पण त्याच्या भरवशावर गाडी ठेवू नये. आता साठे काकांसाठी मुद्दाम: ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याची कोर्टाने दखल घेण्याची मुदत 6 महिने. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम 468, आता नागरिक सुरक्षा संहितेत 514. लढायचंच असेल तर जमीन इथे आहे. पण ते कोर्टात मांडायचं, एचआरपुढे नाही. आणि साइटवर चलन तोवर तसंच लटकत राहणार. लीज संपताना तेच वसूल करतील.

साठे काका (ए-101)
मग मी वेगळं काय सांगत होतो?

मंदार, रेडिंग (सी-602 मालक)
निखिल, घाटात 60? वर तर 100 आहे ना?

निखिल (बी-402)
सपाटीला 100, घाटात 60. आणि 2024 पासून कॅमेऱ्यांच्या कमानी बसल्यात, दोन कमानींमधला सरासरी वेगही काढतात. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून भागत नाही. उतारावर पाय काढला तरी गाडी ऐंशीला जाते हो.

कुलकर्णी काका (बी-301)
फोटोत काय दिसतंय?

निखिल (बी-402)
सगळं दिसतंय काका. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर. तुम्ही शेजारी, डावा हात डॅशबोर्डवर, उजव्या हाताचं बोट समोरच्या ट्रककडे, तोंड उघडं. आणि पट्टा लावलेला नाही. त्याचं वेगळं चलन आहे. तेही अनपेड.

पाटील (ए-204)
फोटो टाक. फोटो टाक. फोटो टाक.

कुलकर्णी काका (बी-301)
फोटो टाकायचा नाही. निखिल, मी बजावून सांगतोय.

देशमुख, सेक्रेटरी
कृपया ग्रुपवर कुणाचेही खाजगी फोटो टाकू नयेत. टाकी सफाई 10 ऐवजी 11 वाजता.

भोसले (सी-203)
आणि स्टिकर?

देशमुख, सेक्रेटरी
रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ.

निखिल (बी-402)
शिंदे मॅडम, ईमेल टाकला एचआरला. लगेच उत्तर आलं, 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे.' म्हणजे अजून एक फेरी.

कुलकर्णी काका (बी-301)
निखिल, उद्या सकाळी चहाला ये. वेगाच्या दंडातले हजार माझ्याकडून घेऊन जा. पट्ट्याचे मी देणार नाही, पट्टा लाव असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुलकर्णी काकू (बी-301)
मी मागून दोनदा सांगितलं होतं. निखिल, पट्ट्याचे मी देते, ह्यांच्या पेन्शनमधून.